मयताला जमणारी वस्ती केमोला का जमत नाही?

आपल्या वस्तीत कोणी गेले की कोणाला बोलवावे लागत नाही. अर्ध्या तासात माणसे गोळा होतात. कोणी टेम्पो बघतो, कोणी बाहेरगावच्या पाहुण्यांना फोन लावतो, शेजारच्या बाया त्या घरी पिठले-भाकरी पोचवतात. त्रिसरण-पंचशील होते, पुण्यानुमोदनाला मांडव भरतो. या एकीचा आम्हांला अभिमान आहे. पण तोच माणूस आधीचे आठ-दहा महिने कॅन्सरशी झुंजत असतो. बायको त्याला धरून पहाटेच्या एसटीत चढवत असते, फायलीची पिशवी सांभाळत असते, मजुरी बुडवत असते. तेव्हा ही वस्ती कुठे असते?

कॅन्सरचा उपचार म्हणजे एक ऑपरेशन आणि सुट्टी, असे क्वचितच असते. केमो बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने कित्येक महिने चालते. रेडिएशन, म्हणजे लोक ज्याला शेक म्हणतात ते, आठवड्यातले पाच दिवस, बऱ्याचदा पाच-सहा आठवडे घ्यावे लागते. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा. अकोल्याच्या किंवा जामखेडच्या माणसाला नगरही जवळ नाही, मग पुणे, नाशिक, बार्शी किंवा मुंबईचे टाटा हॉस्पिटल तर दूरच. ऊसतोडीला जाणारे कुटुंब असेल तर हंगामाची उचल आधीच घेतलेली असते. अशा घरात उपचार अर्धवट सुटतो तो बहुतेक वेळा औषध नाही म्हणून सुटत नाही. सोबत जायला माणूस नाही, भाड्याला पैसे नाहीत, पोरांना कोणाकडे ठेवायचे ते कळत नाही, म्हणून सुटतो.

आणि आपण भेटायला जाऊन सांगतो काय? “मन खंबीर ठेवा.” हे वाक्य आम्हांला आता नकोसे झाले आहे. ते बोलणाऱ्याला सोपे जाते, ऐकणाऱ्याच्या डोक्यावर मात्र आणखी एक ओझे पडते. उद्या आजार वाढला तर दोषही त्याच्याच मनाचा. खंबीरपणा माणूस एकट्याने घरात बसून तयार करत नाही. मंगळवारी दवाखान्यात कोण नेणार हे सोमवारी ठरलेले असेल, मुलांचा डबा शेजारून येणार हे माहीत असेल, तर माणूस आपोआप खंबीर होतो. अमेरिकेत 2013 साली सात लाखांहून जास्त कॅन्सररुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांना जोडीदार होता त्यांचा आजार लवकर सापडलेला होता, त्यांना योग्य उपचार मिळण्याचे प्रमाण जास्त होते आणि त्यांच्यात मृत्यूही कमी होते. यात चमत्कार शोधू नये. “ती गाठ दाखवून ये” म्हणणारे आणि तारखेला हाताला धरून नेणारे कोणी घरात असणे, एवढा साधा त्याचा अर्थ आम्ही लावतो. ज्याला जोडीदार नाही, त्याच्यासाठी ते काम शेजारी करू शकतो.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. कॅन्सर झालेल्याचे ताट-तांब्या वेगळा करण्याची रीत अजून आपल्या घरांत आहे. कॅन्सर जेवणातून, स्पर्शातून, शेजारी झोपल्याने होत नाही. ज्यांच्या आजा-पणजांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले गेले, त्यांनीच आपल्या माणसाचा पेला बाजूला ठेवावा, हे बघवत नाही. केमो चालू असताना रुग्णाची प्रतिकारशक्ती घटते म्हणून त्याची भांडी स्वच्छ ठेवायची, सर्दी-खोकला असलेल्याने भेटायला जायचे नाही, हे वेगळे. ते त्याला जपण्यासाठी आहे. केमोनंतर दोन दिवस त्याचे ओकारी-लघवीचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत, कारण त्यात औषधाचा अंश असतो. तेवढी काळजी घ्या आणि त्याच्याच पंगतीला बसून जेवा. “मागच्या जन्माचे भोग” हे तर बौद्धाच्या तोंडी येताच कामा नये. गेल्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, हा सिद्धांत बाबासाहेबांनी ठामपणे नाकारला आहे.

वर्षावासात आपण ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचतो. त्यात तथागतांनी रुग्णाची काळजी कशी घेतली तो प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता, आणि तो इतरांच्या काही कामाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर निजवले. मग संघाला बोलावून जाणीव दिली की इथे तुमची आई नाही, बाप नाही, एकमेकांचे तुम्हीच करायचे आहे. आधी पाणी आणले, उपदेश नंतर केला, हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

लांबचे उदाहरण कशाला, आपल्या जामखेडलाच 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावोगावच्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित वस्तीतल्या होत्या. बाळंतपणापासून कुष्ठरोग्याच्या औषधापर्यंतचे काम त्या करत. कुष्ठरोग्याला गावाबाहेर न घालवता गावातच बरे करण्याचा त्यांचा आग्रह होता. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण काम उभे राहिले ते या बायांच्या चालण्यावर. आजार समजून घ्यायला आणि आजाऱ्याजवळ बसायला पदवी लागत नाही, हे याच जिल्ह्यात सिद्ध झालेले आहे.

बायांचा विषय निघालाच आहे. घरात पुरुष आजारी पडला तर बाई त्याचे करते. बाई आजारी पडली तर? आमच्या पाहण्यात केमो घेऊन आलेल्या बायका त्याच संध्याकाळी भाकरी थापायला बसतात. छातीतली गाठ किंवा अंगावरून जाणे लाजेपोटी महिनोन् महिने लपवतात, कारण दाखवायला गेले तर घर कोण बघणार. केस गेल्यावर विहारात येणे सोडतात. त्यांना “पदर घेऊन या” म्हणण्यापेक्षा दोघी-तिघींनी त्यांच्या घरी जाऊन वंदना घ्यावी. नवऱ्यांनीही भाकरी शिकावी, हे ओघात सांगून टाकतो.

पैशाचे बोलू. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन बसते, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठावे. चौकशीचा नंबर 155388. पण योजना दवाखान्याचा खर्च देते, बुडालेली मजुरी देत नाही. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सररुग्णालाही महिना 1500 रुपये मिळू शकतात, हे वस्तीत फार थोड्यांना माहीत असते. त्यासाठी वर्षाचे उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो आणि अर्ज तहसीलला करावा लागतो. रुग्णाने रांगेत उभे राहू नये, हे काम वस्तीतल्या शिकलेल्या पोरांचे आहे. रेल्वेत उपचाराला जाणाऱ्या कॅन्सररुग्णाला स्लीपरचे तिकीट माफ आहे, सोबत्यालाही मोठी सूट आहे. दवाखान्याचा दाखला मात्र जवळ ठेवावा लागतो. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

उरलेला खर्च वर्गणीतून निघू शकतो. जयंतीला आपण घरटी वर्गणी काढतो आणि तिचा मोठा भाग डीजेवर जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. डीजेवाल्याशी आमचे वैर नाही. जयंती थाटातच व्हावी. पण त्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा आजाऱ्यांच्या प्रवासाला राखून ठेवावा, त्याचा हिशोब विहाराच्या फळ्यावर लिहावा आणि ज्याला दिला त्याचे नाव मात्र लिहू नये. मदत घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये. एका रुग्णामागे चार घरे ठरवावीत. एकाने सोबत जावे, एकाने कागद बघावेत, एकाने डबा, एकाने मुले. एकाच घरावर सगळे टाकले की तेही महिनाभरात थकते.

चौथ्या घराकडे आणखी एक काम द्यावे, गाडीचे. केमो चालू असलेल्याला 100.4 किंवा त्याहून जास्त ताप आला तर ते साधे दुखणे समजू नये. गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये, रात्रीच दवाखाना गाठावा. रात्री दोन वाजता ज्याची रिक्षा निघेल त्याचा फोन नंबर रुग्णाच्या खाटेजवळच्या भिंतीवर, लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.