मातृभाषा ‘शक्यतो’, कन्नड ‘अनिवार्य’

मुलाने कोणत्या भाषेत शिकावे हे त्याचे आईबाप ठरवितात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सीमाभागापुरती ती खरी नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणीचा हा मुलूख मुंबई राज्यातून काढून त्या वेळच्या म्हैसूर राज्यास जोडण्यात आला, तेव्हापासून येथील मराठी शाळेचे भवितव्य आधी बंगळूरच्या कागदावर ठरते आणि मग गावात प्रत्ययास येते. म्हणून या कागदांची भाषा एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचणे उद्बोधक होईल.

राज्यपुनर्रचनेबरोबरच सातव्या दुरुस्तीने घटनेत ३५०-अ हे कलम घालण्यात आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने पुरेशा सोयी करण्याचा ‘प्रयत्न’ करावा, असे ते सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे असे म्हटले आहे खरे. परंतु त्यामागे ‘शक्यतो’ हा शब्द आहे. आता कर्नाटकाचा २०१५ चा कन्नड शिक्षण कायदा पाहा. पहिल्या इयत्तेपासून टप्प्याटप्प्याने सर्व शाळांत कन्नड अनिवार्य! येथे ना ‘प्रयत्न’, ना ‘शक्यतो’. आमचे हक्क विध्यर्थात आणि आमच्यावरील सक्ती आज्ञार्थात, असा हा व्याकरणाचा न्याय आहे.

हे एका दिवसात घडलेले नाही. गोकाक समितीच्या शिफारशींनंतर १९८२ साली माध्यमिक शाळांत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा करण्याचा हुकूम निघाला. जून १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरुद्ध सीमाभाग उठला आणि पोलिसांच्या गोळ्यांनी आमची माणसे पडली. हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक त्याची साक्ष देत उभे आहे. १९८९ साली कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८२ चा हुकूम रद्द ठरविला. त्यानंतर जो नवा हुकूम निघाला, त्यात पहिल्या चार इयत्तांत मातृभाषेस स्थान होते आणि बिगरकन्नड मुलांसाठी तिसरीपासून कन्नड ऐच्छिक ठेवले होते. हीच व्यवस्था १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. म्हणजे १९८९ साली जे तिसरीपासून ऐच्छिक होते, ते २०१५ साली पहिलीपासून अनिवार्य झाले. सव्वीस वर्षांत मुलाचे वय दोन वर्षांनी उतरले आणि त्याची इच्छा तर हिशेबातूनच गेली!

आम्ही कन्नडचे वैरी नाही. बेळगावच्या बाजारपेठेत मराठी दुकानदार कन्नड गिऱ्हाइकाशी कन्नडात बोलतो आणि कन्नड आडत्या मराठी शेतकऱ्याशी मराठीत भाव करतो. त्यासाठी कोणास कायदा करावा लागला नाही. प्रश्न सहा वर्षांच्या मुलाचा आहे. कायद्याचा शब्द पाळावयाचा तर मराठी शाळेतील पहिलीच्या मुलाने मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तीन भाषा, आणि मुख्य म्हणजे तीन निरनिराळ्या लिप्या, एकाच वर्षी हाती घ्यावयाच्या. ज्याची अद्याप ‘ग’ला काना देण्याची तयारी व्हावयाची आहे, त्याच्यावर हा भार.

या भाराची कल्पना महाराष्ट्रास आता चांगली आली असावी. १६ एप्रिल २०२५ रोजी तेथील सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. लोक खवळले. १७ जूनला सरकारने शब्द मऊ केले आणि इयत्तेत वीस मुलांनी मागितल्यास हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा शिकविण्याची तयारी दाखविली. तेही चालले नाही आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. अडीच महिन्यांत हा विजय मिळाला, त्याबद्दल महाराष्ट्रातील बांधवांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु तेथे तीन भाषा असल्या तरी लिप्या दोनच होत्या, आणि मुलाची मातृभाषा ही राज्याचीच भाषा होती. जो न्याय पुण्याच्या मुलासाठी मुंबईत मागितला गेला, तोच खानापूरच्या मुलासाठी दिल्लीत मागण्याइतका आवाज महाराष्ट्राच्या कंठात उरला आहे काय?

सीमाभागातील मुलाची आठवण महाराष्ट्र सरकारला होते ती बारावीनंतर. ८६५ गावांतील मराठी विद्यार्थ्यांसाठी तेथील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात स्वतंत्र वर्ग ठेवला आहे, आणि त्याचा लाभ झालेली मुले गावोगाव आहेत. पण दोरी तुटते ती पहिलीत. तिचे दुसरे टोक बारावीपाशी कितीही घट्ट बांधले तरी काय उपयोग?

शाळा बंद करण्यास हुकूमही लागत नाही. मराठी शिक्षक निवृत्त होतो आणि जागा रिकामी राहते. उरलेला एक जण दोनतीन इयत्ता एकाच खोलीत बसवितो. खात्याची परिपत्रके कन्नडात येतात. ती समजून घेण्यात आणि माहितीचे तक्ते भरण्यात त्याची सकाळ जाते. पालक हे पाहतात आणि पुढच्या वर्षी मूल दुसरीकडे घालतात. पट घसरला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, आणि शिक्षक गेला की पट आणखी घसरतो. मग ‘मराठीला मागणीच नाही’ असे म्हणावयास अधिकारी मोकळे! शिक्षणहक्क कायदा साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक देतो, परंतु त्या दोघांस मुलांची भाषा आली पाहिजे असे त्या कोष्टकात कोठे लिहिलेले नाही.

आता थोडे आपल्या घरात पाहू. शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे, तेथे मातृभाषेचीही सक्ती राज्याला करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ साली दिला. या स्वातंत्र्याचा उपयोग आपण कशासाठी केला? काळ्या दिनाच्या फेरीत घसा बसेपर्यंत घोषणा देणाऱ्या किती जणांची नातवंडे मराठी शाळेत आहेत, हे ज्याचे त्याने मोजावे. इंग्रजीची गरज कोणी नाकारीत नाही. परंतु इंग्रजी शाळेतही कन्नड अनिवार्यच आहे. तेव्हा घरातून वजा होते ती एकटी मराठीच. आजीशी मराठीत बोलणारा, पण वाचनालयातील मराठी पुस्तक उघडू न शकणारा तरुण आज आपल्या गल्लीत हिंडतो आहे. तो तरुण मंडळाच्या अहवालाचा, नाटकाच्या संहितेचा आणि या वृत्तपत्राचाही वाचक होणार नाही. शाळेच्या पटावरून गेलेले नाव पुढे गावातील प्रत्येक मराठी संस्थेच्या वहीतून जाते.

महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा दोन दशके उलटून गेली तरी निकालात निघालेला नाही. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले पदवीधर होऊन कामाधंद्यास लागली. गावात मराठी बोलणारे बहुसंख्य आहेत, हा आपल्या मागणीचा पाया आहे. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून जाहीर झालेल्या जनगणनेतील मातृभाषेचा रकाना म्हणूनच क्षुल्लक मानता येत नाही, आणि तो भरणारी पिढी शाळेत घडते.

तेव्हा मागावयाचे काय? नवे काही नाही. प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ऑगस्ट १९४९ मध्येच ठरविले होते की शाळेत त्या भाषेची चाळीस किंवा एका इयत्तेत दहा मुले असली, तर त्यांच्या भाषेचा निदान एक शिक्षक दिलाच पाहिजे. १९५६ साली केंद्र सरकारने अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची जी योजना आखली, तिच्यातही हाच नियम आहे. ३५०-अ कलमाखाली राज्यास निर्देश देण्याचा अधिकार राष्ट्रपतींना आहे. हा नियम पाळण्याचा निर्देश कर्नाटकास द्यावा, अशी मागणी महाराष्ट्राच्या खासदारांनी पक्षभेद विसरून करावी. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या शिफारशी बंधनकारक नसतात हे खरे, पण त्यांचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात; तेथे त्यावर बोलण्यास कोणी अडविलेले नाही. आणि हीच मागणी जत, अक्कलकोटच्या कन्नड शाळांसाठीही आहे. तेथे कन्नड मुलासमोर कन्नड न येणारा शिक्षक उभा करणे हाही अन्यायच होय.

आपल्याकडील काम त्याहून साधे आहे. मे महिन्याच्या अखेरीस शाळा उघडतात. त्यापूर्वी प्रत्येक गावच्या समितीने घरोघर जाऊन पहिलीत बसणाऱ्या मराठी मुलांची यादी करावी, पालकांच्या सह्यांनिशी ती गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत द्यावी आणि पोच घ्यावी. दहा नावे भरली तर शिक्षक मागण्यासाठी हातात कागद राहील. ज्या गावात आठच भरतात, तेथील उरलेली दोन मुले कोणाच्या घरची, हे गावाला विचारल्याशिवाय कळते.