जोडी जमली म्हणून काय झालं?

लग्नाच्या बाबतीत जोडी जमली की निम्मं काम झालं, असं आपल्याकडे मानतात. (उरलेलं निम्मं जन्मभर चालतं, तो विषय वेगळा.) पत्त्यांच्या बाबतीतही हाच समज आहे, आणि त्याविरुद्ध मी आज लेखणी उपसली आहे. लेखणी बँकेतली, म्हणजे दोरीने बांधलेली असल्यामुळे ती विषय सोडून फार लांब जाणार नाही, याची वाचकांनी खात्री बाळगावी.

आमच्याकडे महिन्यातल्या एका शनिवारी पोकरची टूर्नामेंट भरते. आम्ही आठ जण. पैसे लावत नाही. पहिल्याला स्टीलचा डबा, आणि सर्वांत आधी बाद होणाऱ्याने सगळ्यांना मिसळ. ही साथ घरात आणली माझ्या मेहुण्याने. पणजीला जाऊन मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी तो काठावरून पाहून आला आणि तेवढ्या भांडवलावर आमचा गुरू झाला. खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं झाकून. मग मध्ये पाच पानं उघडी, सगळ्यांच्या मालकीची. त्यातली पहिली तीन एकदम. पानं बघून कुणी बोली वाढवली तर ती रेझ, आपण तेवढ्या चिप्स टाकल्या तर कॉल, आणि नाही झेपलं तर पानं खाली टाकून गप्प बसायचं. हा शेवटचा प्रकार मेहुण्याला ठाऊक नाही.

त्याच्या हातात दुर्रीची किंवा तिर्रीची जोडी आली, की पहिल्या जागेवरून कुणी कितीही रेझ करो, हा कॉल करणारच. "जोडी कशी सोडायची, भावोजी? तिसरी तिर्री पडली की समोरचा साफ!"

आता माझे मुद्दे. पहिला : रेझ कोणी केली ते बघा. मागे सात जण दबा धरून बसलेले असताना जो सर्वांत आधी तोंड उघडतो, त्याच्याजवळ काहीतरी असतं. आमच्या शाखेत मीटिंग संपताना साहेब "कुणाला काही बोलायचंय?" असं विचारतात, तेव्हा पहिला उठणारा इसम युनियनचा असतो, आणि त्याच्या खिशात कागद असतो. त्यातून तुमच्या मागच्यांपैकी कुणी आणखी रेझ केली, तर तुमचा कॉल गेला पाण्यात.

दुसरा मुद्दा हिशेबाचा. न दिसलेली पानं 50, त्यात तुमच्या कामाची दोन. पहिल्या तीन पानांत त्यातलं एक तरी पडण्याची शक्यता 11.8 टक्के. म्हणजे 17 वेळा कॉल केलात तर सरासरी दोनदा. समजा, दोघांपुढेही 4000 चिप्स आहेत, सक्तीची सुरुवातीची बोली 100 आणि 200, आणि रेझ 500 ची. पंधरा वेळा 500 गेले, म्हणजे 7500 नावे. दोनदा तिर्री लागली आणि समोरच्याने दोन्ही वेळा सगळं ओतलं, तर 8600 जमा. नफा 1100. पण तो ओतेल कशाला? त्याच्याकडे एक्का-राजा असले आणि मध्ये ना एक्का पडला ना राजा, तर तो पानं टाकून चहा मागवील. दोनपैकी एकदाच त्याने असं केलं की जमा 5100, आणि खातं 2400 ने ओव्हरड्रॉ. मी सेकंड क्लास बी. कॉम. आहे, पण ही वजाबाकी मलासुद्धा येते.

तिर्रीची जोडी वाईट, असं माझं म्हणणं नाही. टूर्नामेंटच्या सुरुवातीला दोघांपुढेही रेझच्या वीस-तीस पट चिप्स असतात, तेव्हा खुशाल कॉल करावा. लागलं तर मिळण्यासारखं बरंच असतं. पण पुढे सक्तीची बोली वाढत जाते आणि हेच प्रमाण आठ पटींवर येतं. तेव्हा तोच कॉल म्हणजे तारण न बघता दिलेलं कर्ज. शिवाय संपलेल्या चिप्स पुन्हा विकत मिळत नाहीत. मिसळीची ऑर्डर तेवढी द्यावी लागते.

यावर मेहुण्याचं ब्रह्मास्त्र ठरलेलं. 2003 साली अमेरिकेत ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस पोकरची जागतिक स्पर्धा जिंकला आणि 25 लाख डॉलर घेऊन घरी गेला. "तोही तुमच्यासारखाच आकडेमोड करणारा होता, भावोजी!" होता ना. पण त्या स्पर्धेत 839 जण बसले होते. उरलेल्या 838 जणांबद्दल मेहुणा कधी बोलत नाही.

एवढं तावातावाने मी का बोलतोय, असं तुम्ही विचाराल. मेहुण्याला नोकरी सोडून धंदा काढायचा आहे. त्यासाठी कर्ज हवं, आणि जामीनदार म्हणून सही माझी हवी. "एकदा लागला की लागला, भावोजी!" हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं ते मला नीट आठवतं. अर्ज तीन आठवडे माझ्या खणात आहे, आणि सौभाग्यवती तीन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलते आहे.

गेल्या शनिवारी पहिल्या जागेवरून मेहुण्यानेच रेझ केली. बरोब्बर 500. माझ्या हातात तिर्री-तिर्री. पुढ्यात 4000. मी क्षणभर डोळे मिटले आणि पानं खाली टाकली.

मध्ये पडले राजा, सत्ती आणि तिर्री.

मेहुण्याने शेवटी एक्क्यांची जोडी दाखवली. कॉल केला असता तर त्याचा पुरता निकाल लागला असता! मी काय टाकलं ते न राहवून सांगून बसलो, तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी सर्वांना पुन्हा 11.8 टक्के समजावून सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

सौभाग्यवती चहा घेऊन आली होती. "लागलं असतं ना हो?" एवढंच म्हणाली.

माझं पानं टाकणं तेव्हाही बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. चहात मात्र साखर नव्हती.