आमची कथा पुढे का सरकत नाही?

मुस्लिम मराठी साहित्याविषयीची एक तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की तिला कोणी उत्तरही देत नाही. तक्रार अशी, की तुमच्या कथांत तेच ते येते. दंगल होते, घर जाते, माणूस खाडीपलीकडे येऊन खोली घेतो, पुन्हा काहीतरी घडते आणि पुन्हा घर जाते. मागे एका साहित्यिक मेळाव्यात एका मान्यवर समीक्षकांनी हेच जरा शोभिवंत भाषेत सांगितले. मुस्लिम कथेतला काळ गोठलेला आहे, पात्रांची नावे बदलतात, साल बदलते, पण कथानक जागचे हलत नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. राग आला तो दुसऱ्या दिवशी, वर्गात हजेरी घेताना. दोन मुले गैरहजर होती. बाकावरची तिसरी म्हणाली, "टीचर, उन का घर टूट गया." हेच वाक्य, ह्याच शब्दांत, दोन वर्षांपूर्वी मी त्याच वर्गात दुसऱ्या मुलाच्या तोंडून ऐकले होते.

समीक्षकांना माझा साधा सवाल आहे. कथा गोठली आहे, की जमीन?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. शाळा मुंब्रा-कौसा भागात, राहणे कल्याणला. घरची बोली कोकणी, त्यामुळे मराठी मला कोणी वेगळी शिकवली नाही. रोज सकाळी धीम्या लोकलने कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा असा प्रवास करते. ह्या यादीकडे मी परत येणार आहे.

एकच दिवस पुन्हा पुन्हा उजाडतो आणि माणूस त्यात अडकून पडतो, अशा कथांचा इंग्रजीत एक प्रकारच आहे. 'ग्राउंडहॉग डे' हा त्यांतला गाजलेला सिनेमा, 1993 सालचा. टीव्हीवर हवामान सांगणारा एक घमेंडी माणूस छोट्या गावात अडकतो. रोज सकाळी सहाला तोच रेडिओ वाजतो आणि तोच दिवस सुरू होतो. लोक हा सिनेमा हसत हसत पाहतात. पण त्यात एक म्हातारा भिकारी आहे. त्या रात्री तो मरतो. नायकाला ते कळल्यावर तो पुढच्या खेपेला त्याला जेवू घालतो, जवळ बसतो, तोंडाने श्वास देतो. म्हातारा मरतोच. इथे हसणे थांबते. मला स्वतःला सगळ्या सिनेमात तेवढाच भाग खरा वाटला. बाकीचा सिनेमा सांगतो की नायक हळूहळू चांगला माणूस झाला, पियानो शिकला, लोकांच्या उपयोगी पडला, म्हणून चक्र तुटले. म्हणजे कसूर त्याची होती, तो सुधारला आणि सकाळ झाली.

ह्या शिकवणीवर माझा आक्षेप आहे, कारण तीच शिकवण आम्हाला तीस-पस्तीस वर्षे दिली जाते आहे. शिका, सुधारा, मुख्य प्रवाहात या, मग तुमचे चक्र तुटेल. माझे अब्बा शिकले. आम्हाला शिकवले. 1993 च्या जानेवारीत मुंबईतल्या एका ट्रान्झिट कॅम्पातली खोली सोडून ते मुंब्र्याला आले तेव्हा मी दीड वर्षाची होते. मुंब्र्यात त्यांनी स्टॅम्प पेपरवर खोली घेतली, एकही हप्ता चुकवला नाही, घरपट्टी भरली, लाइटबिल भरले. अठरा-एकोणीस वर्षांनी भर पावसाळ्यात भिंतीवर नोटीस लागली की इमारत अतिधोकादायक आहे, रिकामी करा. आम्ही कल्याणला भाड्याने आलो. अब्बांची पत्र्याची पेटी अजून आहे. तीत सगळ्या पावत्या तारीखवार लावलेल्या आहेत. घरपट्टीच्या पावतीखाली बारीक अक्षरांत छापलेले आहे की ह्या पावतीने बांधकाम कायदेशीर ठरत नाही. अब्बांनी ते वीस वर्षे वाचले नव्हते. सांगा, त्यांनी आता कोणता पियानो शिकायला हवा होता?

असाच दुसरा सिनेमा तमिळमधला, 'मानाडू', 2021 चा. ह्याचा नायक आपल्यातला आहे, अब्दुल खालिक. मुख्यमंत्र्यांची सभेत हत्या करायची, ती त्याच्या माथी मारायची आणि दंगल पेटवायची, असा कट आहे. खालिक मरतो आणि दिवस पुन्हा सुरू होतो. माझ्या भाच्यांनी तो मोबाईलवर पाहिला आणि त्यांना फार आवडला. मलाही आवडला, पण एका गोष्टीपाशी मी अडले. त्यात कट करणारा पोलीस अधिकारीही त्याच चक्रात सापडतो आणि त्यालाही मागचे सगळे आठवू लागते. इथे मला हेवा वाटला. आपल्याकडच्या अधिकाऱ्याला मागचे आठवत नाही. तीन वर्षांनी त्याची बदली होते, नवा येतो, आणि नव्याला सगळेच नवे असते.

अशा कथेचा खरा नियम हाच आहे. दिवस सगळ्यांसाठी परत येतो, पण आठवण एकट्यालाच राहते. ज्याला आठवते त्याच्या हातात काही नसते आणि ज्याच्या हातात असते त्याला आठवत नाही. काळीज फाटते ते घर पडताना नव्हे. शेजारचा, दुकानदार, साहेब, सगळे जणू पहिल्यांदाच भेटल्यासारखे विचारतात, "कुठून आलात? कागद आहेत?" तेव्हा फाटते.

आता शिळफाट्याचे उदाहरण घ्या. 4 एप्रिल 2013 ला शिळ-डायघरला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. 74 माणसे गेली आणि त्यांत लहान मुले फार होती. वनखात्याच्या जमिनीवर काही महिन्यांत सात मजले चढले होते, वर आठव्याचे काम चालू होते आणि खाली संसार मांडलेले होते. बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारी, पोलीस आणि एक नगरसेवक ह्यांनाही अटक झाली. यापुढे असे होणार नाही, असे त्या वेळी सगळ्यांनी सांगितले. बारा वर्षांनी, 2025 च्या जूनमध्ये, त्याच शिळमध्ये खान कंपाउंडच्या सतरा बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. न्यायालयाने कायदा सांगितला, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण 2013 ला 74 मयती उचलल्यानंतर त्याच गावात इमारत उभी राहते, तीत वीज येते, पाणी येते, मतदारयादीत नावे येतात, हे कोणालाच आठवू नये? आणि आठवते ते नेमके पाऊस सुरू होताना?

एखाद्या लेखकाने ही गोष्ट 2013 त लिहिली आणि 2025 त पुन्हा लिहिली, तर समीक्षक म्हणणार, पुनरावृत्ती. भिवंडीवर 1970 साली लिहिणाऱ्याने 1984 ला काय लिहायचे होते? नवे कथानक कुठून आणायचे होते? 1970 च्या दंगलीची न्यायमूर्ती मादन आयोगाने चौकशी केली, अहवाल दिला. म्हणजे लेखी आठवणही तयार होती. चौदा वर्षांनी पुन्हा तेच शहर पेटले. 1992-93 ची आठवण न्यायमूर्ती श्रीकृष्णांनी 1998 मध्ये सरकारच्या हातात दिली. तिचे काय झाले ते वाचकांना माहीत आहे.

उर्दूत हा वाद जुना आहे. इंतिज़ार हुसैन 1947 ला लाहोरला गेले आणि आयुष्यभर मागे राहिलेल्या वस्तीविषयीच लिहीत राहिले. 1979 ला 'बस्ती' आली. तीत झाकिर नावाचा प्राध्यापक 1971 च्या लढाईच्या दिवसांत बसलेला आहे आणि त्याच्या मनात 1947 व 1857 एकमेकांत मिसळतात. तरक्कीपसंद मंडळींनी त्यांच्यावर हाच ठपका ठेवला होता की हा माणूस मागेच पाहतो. आज ठपका ठेवणाऱ्यांतले किती जण वाचले जातात? मराठीत हमीद दलवाईंची 'इंधन' 1965 ची. तिचा नायक बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परततो आणि गाव डोळ्यांदेखत पेटते. तिला कोणी पुनरावृत्ती म्हटले नाही, कारण मराठीत ती पहिलीच खेप होती. पहिल्या खेपेला कौतुक झाले, तिसऱ्या खेपेला कंटाळा आला.

पण हा लेख केवळ समीक्षकांवर लिहिला तर मी अर्धेच खरे बोलले असे होईल. आपल्या लेखकांनाही मला काही सुनवायचे आहे. आपल्या कथांतले हृदयद्रावक प्रसंग आता ठरून गेले आहेत. ढिगाऱ्याखाली बाहुली सापडते. अम्मी जळालेल्या घराची किल्ली पदराला बांधून ठेवते. म्हातारा खाडीकडे पाहत बसतो. हे प्रसंग कोणी पाहिलेले नसतात, दुसऱ्याच्या कथेतून उचललेले असतात. आणि शेवटी नायक निराश होतो. नैराश्य म्हणजे खोली असे आपल्याला कोणी शिकवले? तो स्टॅम्प पेपर कितीचा होता, नोटरीने काय विचारले, मीटर कोणाच्या नावावर बसले, पहिला स्लॅब पडल्यावर कोण येऊन गेले आणि किती घेऊन गेले, हे आपल्या कोणत्या कथेत आहे? तकदीर म्हटले की हिशेब लिहावा लागत नाही.

आणि हिशेब लिहिला तर आपलीच माणसे सापडतात, म्हणूनही आपण तो टाळतो. दंगलीने आम्हाला मुंब्र्याला हाकलले हे खरे. पण सहा महिन्यांत चार मजले चढवून, खाऱ्या रेतीत सिमेंट कमी घालून त्या खोल्या आम्हाला विकल्या त्यांतले पुष्कळ जण आपलेच होते. रमझानमध्ये इफ्तार देणारे, मशिदीला पंखे देणारे. त्यांच्यावर कथा लिहायला आपला हात उचलत नाही. मी स्वतःही लिहिलेली नाही.

आता ती स्टेशनांची यादी. ठाकुर्लीला 2015 च्या जुलैअखेर मातृछाया इमारत पडली, माणसे गेली. ती वस्ती मोहल्ला नव्हती. डोंबिवलीत 65 इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराचे नोंदणी क्रमांक मिळवले. बँकांनी कर्जे दिली, माणसांनी दागिने मोडले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाचा त्या पाडण्याचा आदेश आला. हजारो घरांचा प्रश्न. त्यांतली बहुतेक कुटुंबे मराठी नोकरदारांची आहेत. माझ्या डब्यात रोज भेटणारी एक ताई त्यांतली. ती एकदा म्हणाली, "मॅडम, आम्ही तर सगळं कायदेशीर बघून घेतलं होतं हो." अब्बा हेच म्हणायचे, फक्त कोकणीत. त्या दिवशी मला तिच्याविषयी वाईट वाटले आणि थोडे दुसरेही काही वाटले, ते इथे लिहिते कारण पोलेमिक लिहायचे तर पूर्ण लिहावे. मला वाटले, आता तरी ह्यांना कळेल. हा विचार ओंगळ होता. पण डोंबिवलीचे रडणे वर्तमानपत्रांत 'मध्यमवर्गाची फसवणूक' म्हणून छापले जाते आणि शिळचे 'बेकायदा वस्तीवर हातोडा' म्हणून, हाही विचार ओंगळच आहे. मराठी कथाकार उद्या डोंबिवलीवर कथा लिहील. तिला काळ गोठलेला म्हणू नका, एवढेच माझे मागणे.

अस्हाबे कहफची कहाणी आपल्या घराघरांत सांगितली जाते. गुहेत झोपलेले तरुण तीनशेच्या वर वर्षांनी उठतात आणि त्यांना वाटते, दिवसभरच झोपलो. एक जण चांदीचे नाणे घेऊन बाजारात जातो आणि ते नाणे पाहून बाजार थक्क होतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला झोपेचे नवल वाटायचे. आता नाण्याचे वाटते. अब्बांची पेटी त्या नाण्यासारखी आहे. प्रत्येक कागद आपापल्या दिवशी खरा होता.

आणि बाजारात उभी राहून नाणे परत करणाऱ्यांत मीही आहे. आम्हा शिक्षकांना मतदारयादीच्या कामाला लावतात. एका वर्षी हातात यादी घेऊन मी एका गल्लीत गेले. यादीत इमारतीचे नाव होते, तिथे पत्रे ठोकलेले होते. पत्र्यांआड मलबा. शेजारच्या पानवाल्याने सांगितले, कुणी दिव्याला गेले, कुणी भिवंडीला, कुणी गावी. मी नावांपुढे 'पत्त्यावर आढळून आले नाहीत' असा शेरा मारला. त्यांत माझ्या एका विद्यार्थ्याचे आईवडील होते. दुसरा शेरा त्या रकान्यात बसत नव्हता.

मागच्या सत्रात पाचवीला 'मेरा घर' हा निबंध दिला होता. दहा वाक्ये. एका मुलीने हात वर केला, "टीचर, कौनसा वाला?" मी म्हटले, जो अभी है. तिने लिहिले, घरात किती खोल्या, खिडकीतून काय दिसते, पाणी किती वाजता येते. इमारतीच्या नावाची जागा कोरी सोडली. विचारल्यावर म्हणाली, "नाम बाद में लिखूँगी, अब्बू दूसरा देख रहे हैं." मी वही ठेवून घेतली. ईदच्या सुट्टीनंतर ती आली नाही. तिचे अब्बू दाखला न्यायला आले, तेव्हा पुढच्या शाळेचे नाव त्यांना सांगता येईना. वही त्यांच्याजवळ द्यायची राहून गेली. माझ्या कपाटात आहे, निबंध तपासलेला आहे, गुण दिलेले नाहीत.