दृश्यम, २ ऑक्टोबर आणि आपली टाळी

'दृश्यम'चा विषय निघाला की ऑफिसात '२ ऑक्टोबरला काय झालं होतं?' हा जोक हमखास होतोच. परवा तो परत झाला, मग शनिवारी मी हिंदी 'दृश्यम' परत बघितला. (ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी इथेच थांबा. पण असं आहे कोण?)

मूळ सिनेमा जीतू जोसेफचा, मल्याळम, २०१३ चा. मोहनलालचा जॉर्जकुट्टी. हिंदी २०१५ ला आला, आपल्या निशिकांत कामतने केला, आणि कथा गोव्यात नेली. साळगावकर, देशमुख, गायतोंडे अशी आडनावं आल्यामुळे आपल्याला तो उगाच घरचा वाटतो. रिमेक म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांपैकी मी एक, पण हा जमलाय. अजय देवगण चौथी नापास वाटत नाही, एवढं सोडलं तर!

खरी मजा आहे ती अलिबायमध्ये. विजय खोटं घडवत नाही. पणजीची ट्रिप खरी, हॉटेल खरं, सिनेमा खरा. खोटी आहे ती फक्त तारीख, आणि तीही तो कागदापेक्षा लोकांच्या डोक्यात बदलतो. परत जाऊन भेटतो, गप्पा मारतो, बोलता बोलता तारीख पेरून येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा खरा, टाइमस्टँप खोटा. आणि हे सुचतं कुणाला, तर केबलवाल्याला. आमच्या मुक्ताईनगरात (जुनी मंडळी अजून एदलाबादच म्हणतात) केबलवाला कुणाच्याही घरात शिरतो, चहा घेतो, सगळ्यांना ओळखतो. त्याच्यावर संशय घेणार कोण?

कामतचाच 'डोंबिवली फास्ट' आठवा, २००५ चा. माधव आपटे हातात बॅट घेऊन रस्त्यावर उतरतो आणि शेवटी पोलिसांच्या गोळीने मरतो. दहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाचा मध्यमवर्गीय नायक एक शब्द न बोलता तिकिटं जपून ठेवतो, आणि सुटतो. प्रेक्षकांनी दोघांनाही टाळ्या दिल्या. मला दुसरी टाळी जास्त अस्वस्थ करते.

कारण साळगावकरांच्या घरात नेमकं घडलं काय? एका पोराने शाळकरी मुलीचा अंघोळ करतानाचा व्हिडिओ काढला आणि तिला धमकावलं. झटापटीत तो मेला. कायदा होता की! आयटी कायद्यात ६६ई कलम २००८ च्या दुरुस्तीने आलं, ३ वर्षांपर्यंत कैद. २०१३ ला चोरून बघणं, चित्रण करणं हा दंडविधानातही वेगळा गुन्हा झाला. स्वसंरक्षणाचा मुद्दा कोर्टात मांडता आला असता. पण ते पोलिसात जाऊ शकले असते असं थेटरात एकाच्याही मनात येत नाही. पोरगा आयजीचा, तक्रार घेणार कोण, हे खरंच. पण तो साध्या शिक्षकाचा असता तरी आपण हेच गृहीत धरलं असतं. व्हिडिओ बाहेर आला तर मुलगी संपली, हे तिच्या आईला, आपल्याला आणि त्या पोरालाही पाठ आहे. त्याचं सगळं बळ तिथूनच येतं. कथानकातला हा एकमेव भाग कुणाला पटवून द्यावा लागत नाही.

तब्बूच्या मीरा देशमुखला आपण खलनायिका करून टाकलं हे आणखी एक. लहान अनूला मारवते तेव्हा चीड येतेच, यायलाच हवी. पण तिचा मुलगा बेपत्ता आहे, आणि तो मेलाय हे माहीत असलेला माणूस समोर हात जोडून बसलाय.

२०१९ ला याच कथेचा चिनी रिमेक आला. तिथला बाप शेवटी गुन्हा कबूल करतो. आपल्याकडे कुणी असा शेवट केला असता तर खुर्च्या मोडल्या असत्या.

कामत २०२० मध्ये गेला, दुसरा भाग २०२२ ला अभिषेक पाठकने केला. त्यात सात वर्षं उलटली आहेत. विजयचं स्वतःचं थेटर झालंय, डोक्यात सिनेमा काढायचं चाललंय. आणि अंजूला फेफरं येतं, पोलिस दिसले तरी ती हादरते.