खटपट कोपरा : मुठीएवढा पंप आणि ट्रकचं चाक

दोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालात एक जाडजूड पाकीट निघालं. कराडकडच्या एका गावातून आठवीतल्या एका मुलानं पाठवलेलं. आत वहीची चार पानं आणि ट्रकच्या चाकाचं एक झकास चित्र. चित्र मी भिंतीला लावलंय. पत्रातला मुख्य भाग असा :

‘मामा, आमचे आबा ट्रक चालवतात. सहा चाकी. गेल्या महिन्यात त्यांनी गाडीत ठेवायला छोटा हवेचा पंप आणला. खोक्यावर १५० पौंड असं छापलंय. आमच्या चाकांना १०० पौंड हवा लागते. म्हणजे पंपाला ते सोपंच जायला हवं. पण परवा मागचं बाहेरचं चाक पार बसलं. तासभर पंप चालवला. मध्ये दोनदा तो तापून बंद पडला. मी आणि क्लीनरदादा चाकाला टेकून काटा बघत बसलो होतो. हवा भरली फक्त ५० पौंड. शेवटी पंक्चरवाल्या काकांना बोलावलं, तर ते हसले. म्हणाले, हे काय खेळणं आणलंय! तेव्हापासून आबा पंपाचं नाव काढत नाहीत. आबांना दुकानदारानं फसवलं का?’

पत्र वाचून मी दोनदा चपापलो. एकदा आबांसाठी, आणि एकदा ‘चाकाला टेकून’ या दोन शब्दांसाठी. त्या शब्दांकडे मी येणारच आहे. आधी प्रश्नाचं उत्तर.

फसवलं म्हणता येणार नाही. खोक्यावरचा आकडा खराच असेल. पण तो आकडा पंप किती जोरानं ढकलू शकतो ते सांगतो. किती भराभर ढकलतो ते नाही. आजीच्या तांब्यानं हौद भरता येतो की नाही? येतो. पण केव्हा भरेल?

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. ट्रकच्या मोठ्या टायरच्या पोटात साधारण १०० लीटर जागा असते असं धरू. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब दर चौरस इंचाला सुमारे १४.७ पौंड. (पंक्चरवाले ‘शंभर पौंड हवा’ म्हणतात तेव्हा त्यांना दर चौरस इंचावर शंभर पौंड असं म्हणायचं असतं. इतकं लांबलचक कोण बोलणार!) काटा शून्यावर असतो तेव्हासुद्धा टायरमध्ये बाहेरच्याइतकी हवा असतेच. काटा १५ पौंडांनी वर चढवायचा तर साधारण आणखी एक टायरभर, म्हणजे बाहेरची १०० लीटर हवा आत कोंबावी लागते. १०० पौंडांपर्यंत न्यायचं तर जवळजवळ ७०० लीटर. म्हणजे पाण्याची सातशे लीटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. तेवढी हवा त्या इवल्या पंपाच्या पिस्टननं घोट-घोट करून गिळायची आणि पुढे ढकलायची.

समजा तो पंप मिनिटाला १५ लीटर हवा ओढतो. ७०० भागिले १५, म्हणजे सत्तेचाळीस मिनिटं. पण हा वेग सुरुवातीचा. पुढे तो घटतो. का घटतो, हे सायकलच्या हातपंपानं चटकन कळतं. पहिले चार-पाच दट्टे कसे लोण्यासारखे जातात! चाक कडक व्हायला लागलं की दट्टा निम्म्यावर येईपर्यंत हवा आत शिरतच नाही. नुसती नळकांड्यात चेपत राहते. टायरमधल्या दाबापेक्षा नळकांड्यातला दाब जास्त झाला तरच झडप उघडते. टायरमध्ये १०० पौंड असतील, तर पिस्टनला आपल्या पोटातली हवा आठव्या हिश्शापर्यंत चेपावी लागते, मग कुठे थोडीशी पलीकडे जाते. नळकांड्याच्या टोकाशी जी जरा मोकळी जागा उरते, तिथली चेपलेली हवा तर तिथेच राहते आणि पिस्टन मागे आला की पुन्हा पसरते. प्रत्येक खेपेला मेहनत तेवढीच, कमाई कमी कमी.

आणि चेपली की हवा तापते. हातपंपाचं खालचं टोक धरून पाहिलंय ना? चटका बसतो. आबांचा पंप तापला तो यामुळे. यात त्याच्या मोटरची उष्णताही मिळवा. म्हणूनच असल्या पंपांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि मग तेवढाच वेळ थंड होऊ द्या. माहितीपत्रक मात्र आपण खोक्याबरोबरच टाकून देतो. (मीही टाकतो. माझ्या पाणी तापवायच्या कांडीचं असंच झालं, पण ती गोष्ट पुन्हा केव्हातरी.)

मग पंक्चरवाल्या काकांचा कॉम्प्रेसर दहा मिनिटांत कसं काम उरकतो? त्याची मोटर पाहा. तीन हॉर्सपॉवरची असेल तर सुमारे २२०० वॉट. डॅशबोर्डच्या सॉकेटवर चालणाऱ्या पंपाला मिळतात दीडशे-दोनशे वॉट. घरातला मिक्सरही याहून जास्त खातो. आणि खरी गंमत मोटरच्या खाली असते. ती मोठी लोखंडी टाकी! काका चहा पीत असतात तेव्हाही मोटर टाकीत हवा दाबून ठेवत असते. गिऱ्हाईक आलं की साठवलेली हवा नुसती सोडायची. आबांच्या पंपाला अशी शिदोरी नाही, त्याचं रोज कमवायचं आणि रोज खायचं.

म्हणजे तो पंप निरुपयोगी का? अजिबात नाही! पार बसलेलं चाक उभं करणं हे त्याचं कामच नव्हे. त्याचं काम उतरलेली हवा वर आणणं. काटा ९० वर आलाय आणि १०० वर न्यायचाय, तर सत्तर-ऐंशी लीटर हवा पुरे. मंद वेगानं धरलं तरी दहा मिनिटांचं काम. सकाळी गाडी निघण्याआधी, चाकं थंड असताना, एक-एक चाक तपासून हे करता येतं. थंड असतानाच का? कारण पळून-पळून टायर तापतात आणि आतली हवाही तापते. सकाळी २५ अंशांना १०० पौंड दाखवणारा काटा, आतली हवा ६५ अंशांपर्यंत तापली तर ११५ च्या आसपास जातो. ते बघून कुणी हवा सोडली, तर रात्री गार झाल्यावर चाक कमी भरतं.

दहा पौंडांनी काय बिघडतं, असं विचाराल. ट्रकचं वजन टायरचं रबर पेलतं असं आपल्याला वाटतं. बहुतेक भार पेलते ती आतली हवा. एका चाकावर २५०० किलो भार असेल, म्हणजे ५५०० पौंड, आणि हवा १०० पौंड, तर चाक रस्त्याला साधारण ५५ चौरस इंच टेकतं. तीन पोस्टकार्डंसुद्धा भरत नाहीत! हवा कमी झाली की चाक जास्त पसरतं, त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात. एखादी तार वाकवून-वाकवून तोडताना ती कशी गरम होते, तसंच इथे होतं. घाटात फुटलेले टायर पाहिलेत ना, त्यांतले कितीतरी खिळ्यानं नाही, कमी हवेनं मेलेले असतात.

आता ते दोन शब्द. ‘चाकाला टेकून.’

मी पाचवीत असताना आमच्या गावाबाहेर हमरस्त्यावर केरळहून आलेल्या एका अण्णांचं पंक्चरचं दुकान होतं. शाळा सुटली की आम्ही तिथे. दुकानाच्या पत्र्याला एक भलंमोठं भोक होतं. आम्हाला वाटायचं, नारळ पडला असेल. एकदा अण्णांना विचारलं. त्यांनी कोपऱ्यातली एक जाड लोखंडी कडी दाखवली. जुन्या पद्धतीच्या ट्रकच्या चाकात टायर डिस्कवर अडकवून ठेवायला अशी कडी असते, लॉक रिंग म्हणतात तिला. ती नीट बसली नव्हती आणि हवा भरताना उडाली. ‘मी पाणी प्यायला बाजूला गेलो होतो,’ एवढंच अण्णा म्हणाले. त्यानंतर ते चाक आडवं टाकून, कडीची बाजू जमिनीकडे करून, साखळी गुंडाळल्याशिवाय हवा भरत नसत. खरं तर त्यासाठी लोखंडी पिंजराच हवा. आणि आम्हा पोरांना पार रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभं करत.

तुमच्या ट्रकला बिनकडीची नवी ट्यूबलेस चाकं असतील, तरी धोका संपत नाही. बसलेल्या चाकावर गाडी थोडी जरी चालली, तर टायरच्या भिंतीतल्या तारा आतल्या आत तुटलेल्या असतात. बाहेरून काही दिसत नाही. हवा भरायला घेतली की ती भिंत शिवण उसवावी तशी टरकन फाटते. सातशे लीटर हवा एका क्षणात बाहेर येते, तेव्हा ती समोरच्याचं वय बघत नाही.

म्हणून मित्रा, आबांना माझा निरोप दे. पार बसलेलं चाक गाडीवर असताना भरायचं नाही. काढून, आतून तपासून, पंक्चरवाल्यांकडूनच भरून घ्यायचं. पंप फक्त थोडी हवा उतरलेल्या चाकासाठी. तेव्हाही लांब नळी लावायची, नळीच्या पंपाकडच्या टोकाला काटा ठेवायचा आणि चाकाच्या तोंडासमोर नाही, तर टायर ज्या दिशेनं पळतो त्या बाजूला, चार पावलं लांब उभं राहायचं. तू आणि क्लीनरदादा त्याहूनही लांब.

आणखी एक विचार. ट्रक थांबल्यावर ‘फुस्स’ असा आवाज येतो ना? तो हवेच्या ब्रेकचा. म्हणजे आबांच्या इंजिनावर एक चांगला दणकट कॉम्प्रेसर आधीपासूनच बसवलेला आहे, टाकीसकट! बऱ्याच ट्रकमध्ये तिथून चाकात हवा भरण्यासाठी नळी जोडायची सोय असते. तुमच्या गाडीत ती आहे का, हे मेकॅनिककाकांना विचारून मला कळव. आणि बाकीच्यांनी लक्षात ठेवा : मोटारीचा पंप १२ व्होल्टचा असतो, पण बहुतेक मोठ्या ट्रकना २४ व्होल्टची वीज असते. तिथे तो लावलात तर हवा नाही, धूर निघेल.

जाता जाता एक गोष्ट. आयर्लंडमधल्या बेलफास्ट गावात जॉन डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर राहत. त्यांच्या मुलाची तीन चाकी सायकल दगडी रस्त्यावर खडखडायची. १८८८ मध्ये त्यांनी तिच्या चाकांना हवा भरलेली रबराची नळी गुंडाळली. या कल्पनेचं पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच घेतलं होतं, पण लोक ती विसरून गेले होते. डनलॉपना ते ठाऊकच नव्हतं!

करून पाहा : सायकलचं पुढचं चाक ओलं करून वर्तमानपत्रावर ठेवा, दोस्ताला वर बसवा, उमटलेला डाग मोजा. मग थोडी हवा सोडून पुन्हा मोजा. दोन्ही डाग कागदासकट पाठवा. कागद वाळवून पाठवा हं, मागच्या वेळी पोस्टमनकाका रागावले होते.

तुमचा,
खटपटमामा