चौकटीबाहेरचे साखरपाणी

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतून हल्ली एक छायाचित्र हमखास पाहायला मिळते. न्यू जर्सीतल्या नाहीतर कॅलिफोर्नियातल्या एखाद्या घराचे मागचे अंगण, तिथे टांगलेली लाल बुडाची बाटली आणि तिच्यापाशी हवेत थबकलेला अंगठ्याएवढा पक्षी. आजी-आजोबा ते कौतुकाने शेजाऱ्यांना दाखवतात आणि शेजारी हटकून म्हणतात, 'अहो, हा तर आमच्या जास्वंदीवरही येतो!' तो येत नाही. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या दोन्ही अमेरिका खंडांत व त्यांच्या आसपासच्या बेटांवर. आपल्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. तो बहुधा देठाला लटकून मध पितो. क्षणभर हवेत थांबणे त्यालाही जमते, पण हमिंगबर्डसारखे उलटे उडणे त्याच्या कुळात नाही.

छायाचित्रकलेच्या दृष्टीने हे घरगुती चित्र अगदीच सामान्य असते. पंखांच्या जागी नुसता धुरकट पट्टा, मागे शेजाऱ्याचे कुंपण. तरीही मला ते आवडते, कारण त्यात बाटली दिसते.

ज्यांना स्पर्धांत बक्षिसे हवी असतात, त्यांना या बाटलीची लाज वाटते. त्यांची रीत वेगळी आहे. बाटलीची एक सोडून सगळी तोंडे बंद करायची. त्या एका तोंडापुढे नर्सरीतून आणलेले फूल चिमट्याने धरायचे, किंवा पक्षी सरावला की बाटलीच दूर करून साखरपाण्याचे थेंब थेट फुलात सोडायचे. मागे हिरव्या-निळ्या रंगाचा छापील फलक उभा करायचा. भोवती तीन-चार, कधी पाच फ्लॅश लावायचे आणि त्यांची ताकद मुद्दाम कमी ठेवायची, कारण ताकद जितकी कमी तितका झगमगाट आखूड. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही आखूड. सेकंदाला पन्नासेक वेळा हलणारा पंख त्या उजेडात पुतळ्यासारखा गोठतो. गळ्याची लाल झळाळी रंगद्रव्याची नसते, पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश कसा पडतो त्यावर ती ठरते. म्हणून एक फ्लॅश नेमका समोरून हवा. एवढे झाले की अँडीजच्या जंगलातले वाटावे असे चित्र तयार! खाली ओळ असते, 'मधुपानात मग्न'. चौकटीबाहेरच्या साखरपाण्याचा उल्लेख नसतो.

कृत्रिमतेवर माझा राग नाही. या पक्ष्याचे चित्रण कृत्रिमतेशिवाय कधी झालेच नाही. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १८५१ साली लंडनमध्ये पेंढा भरलेल्या हमिंगबर्डचे प्रदर्शन मांडले आणि त्यांच्यावर अनेक खंडांचा सचित्र ग्रंथही काढायला घेतला. जिवंत हमिंगबर्ड मात्र त्याने प्रथम पाहिला १८५७ साली, अमेरिकेत गेल्यावर. एमआयटीचे हॅरल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात क्षणदीप्तीचा दिवा या पक्ष्याकडे वळवला, तेव्हा कुठे प्रेताशिवाय पंखाचा आकार दिसू लागला. पुढे ड्यूपाँट कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी हाच नाद जोपासून १९६० साली हमिंगबर्डवर एक देखणे पुस्तक काढले. पेशाने ते रसायन अभियंता. पंख किती वेगाने हलतात, झळाळी कशातून येते, हे त्यांना मोजायचे होते. दिवे लावले ते जाणून घेण्यासाठी, लपवण्यासाठी नव्हे.

लपवल्याने बिघडते काय, असे कोणी विचारील. बिघडते ते हे की कोणता पक्षी कोणत्या फुलावर जातो, हीच या साऱ्या कहाणीतली खरी गोष्ट आहे. अँडीजमधल्या तलवारचोच्या हमिंगबर्डची चोच शेपूट वगळता उरलेल्या अंगाहून लांब असते. ती तशी आहे, कारण तिथल्या काही कृष्णकमळांच्या नळ्या तितक्याच खोल आहेत. चोच आणि नळी एकमेकांच्या संगतीने लांबत गेल्या. या पक्ष्यापुढे दुकानातले कुठलेही उथळ फूल धरून चित्र काढले, की लाखो वर्षांची ही सोयरीक एका क्षणात मोडते आणि मोडली हे बघणाऱ्याला कळतही नाही. चित्र दस्तऐवज म्हणून टिकते. शंभर वर्षांनी ते कृष्णकमळ उरले नसेल, तेव्हा अभ्यासक याच चित्रांकडे वळतील आणि त्यांना नर्सरीचा माल दिसेल.

बाटली टांगणाऱ्यावर आणखी एक जबाबदारी येते, तिचा विचार कॅमेऱ्याच्या नादात मागे पडतो. एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी, बस्स. लाल रंग घालायचा नाही. मध तर मुळीच नको, त्यात बुरशी फोफावते. (गूळ पौष्टिक म्हणून घालणाऱ्या आपल्या मंडळींनीही हात आवरावा.) उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी बाटली घासून धुवायची. खिडकीच्या काचेवर आपटून पक्षी मरतात, म्हणून बाटली काचेपासून हातभर अंतरातच टांगावी, नाहीतर तीस फूट दूर. अॅनाज हमिंगबर्ड ही जात गेल्या शतकात पॅसिफिक किनाऱ्याने उत्तरेला थेट कॅनडापर्यंत पसरली, त्यात परदेशी फुलांच्या बागांचा आणि या बाटल्यांचा हात आहे. म्हणजे अंगणातला हा छंद खंडाचा नकाशा बदलतो. तो नुसता खेळ राहिलेला नाही.

आपल्याकडे बाटल्या कमी, पण मोह तोच. मुंबईच्या किनाऱ्यावर थंडीत कुरव पक्ष्यांपुढे फरसाण उधळतात आणि पंख पसरलेल्या थव्याचे चित्र घरी नेतात. त्या चित्रातही फरसाण नसते. घरट्यांवरची छायाचित्रे न घेण्याचा नियम अनेक स्पर्धांनी केला, तो स्वागतार्हच होता. तसाच एक साधा नियम आमिषासाठीही करावा: चित्राखाली लिहा. 'साखरपाण्यावर, चार फ्लॅश, मागे रंगवलेला फलक' एवढे शब्द पुरेत. ज्याचे चित्र खरोखर चांगले आहे, त्याचे या ओळीने काही कमी होणार नाही.

पूर्व अमेरिकेतला लालगळ्या हमिंगबर्ड जेमतेम तीन ग्रॅमचा. शरद ऋतूत तो दक्षिणेला निघतो आणि यातले कित्येक जण मेक्सिकोच्या आखातावरून आठशे किलोमीटर न थांबता उडतात. बाटली टांगून ठेवली तर पक्षी निघायचाच विसरेल, अशी भीती काहींना वाटते, पण त्याला हलवते ती दिवसाची घटती लांबी. उलट अंगण रिकामे झाल्यावरही बाटली दोनेक आठवडे राहू द्यावी, असे तिकडचे जाणकार सांगतात. उत्तरेकडून उशिरा निघालेला एखादा पक्षी वाटेत थांबतो, दोन-तीनदा चोच बुडवतो आणि जातो. तोवर फ्लॅश आणि फलक पेटीत गेलेले असतात.