चर्चेचा धागा आणि न्यूजरीडर

व्याकरणमहाभाष्याची छापील आवृत्ती उघडली असता एकाच पृष्ठावर पतंजलीचे भाष्य, त्याखाली कैयटाचा ‘प्रदीप’ आणि त्याखाली काशीनिवासी महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्ट काळे यांचा ‘उद्द्योत’ आढळतो. नागेशांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांनी ‘उद्द्योता’वरही ‘छाया’ लिहिली. कोणते उत्तर कोणत्या वचनास आहे, हे पृष्ठाची रचनाच सांगते. ती रचना मोडून प्रत्येकाचे लेखन कालक्रमाने सुटे छापले, तर पूर्वपक्षालाच सिद्धान्त समजण्याची चूक सहज घडेल.

संगणकावरील चर्चेस हेच भय आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी १९७९ मध्ये ‘युझनेट’ची कल्पना मांडली. या जाळ्यातील प्रत्येक पत्रास स्वतंत्र ओळखचिन्ह असते, आणि उत्तराच्या शिरोभागी पूर्वपत्रांची चिन्हे क्रमाने नोंदलेली असतात. त्यांवरून धागा जुळवून दाखविणे हे न्यूजरीडर या वाचन-साधनाचे काम होय. केवळ तारखेप्रमाणे पत्रे मांडणारे साधन, माझ्या मते, चर्चेच्या वाचनास निरुपयोगी समजावे.

चित्रांवाचून केवळ अक्षरांवर चालणारी साधने जुन्या संगणकावरही उत्तम चालतात. ग्रंथालयांनी हे ध्यानात घ्यावे. ‘ग्नूस’ समर्थ खरे, परंतु त्यासाठी प्रथम ‘ईमॅक्स’ शिकावे लागते. विद्यार्थ्यास ‘टिन’ अथवा ‘एसएलआरएन’ पुरे. ‘टिन’मध्ये धागा विषयावरून जोडावा की पूर्वपत्रांच्या चिन्हांवरून, हे ठरविता येते. यांपैकी दुसरा पर्याय घ्यावा. शीर्षक कोणीही बदलतो, आणि ‘एक शंका’ या एकाच मथळ्याखाली दहा निरनिराळ्या शंका येऊ शकतात.

‘एसएलआरएन’मध्ये पत्रांना गुण देण्याची सोय आहे, उणे ९९९९ गुण दिले की पत्र दृष्टीआड होते. ही सोय हाती येताच पुष्कळ वाचक नावडत्या लेखकांची नावे त्या यादीत घालू लागतात. मला हे मान्य नाही. लेखक नाहीसा होतो, पण त्याला दिलेली उत्तरे उरतात, आणि ती कोणास दिली हे कळत नाही. भट्टोजी दीक्षितांच्या ‘प्रौढमनोरमे’वर जगन्नाथ पंडितांनी ‘मनोरमाकुचमर्दिनी’ लिहिली. (असल्या नावाचे पत्र आज पहिल्याच चाळणीत अडकले असते!) परंतु तिच्यातील आक्षेप व्याकरणाचेच आहेत. ती बाजूस सारली, तर भट्टोजींच्या पक्षाने केलेले समर्थन वाऱ्याशी भांडल्यासारखे वाटेल. म्हणून उणे गुण जाहिरातींना द्यावेत. व्यक्तीला देणे भागच पडले, तर त्या पत्राखालची सबंध शाखा मिटवावी.

गूगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून युझनेटची नवी पत्रे घेणे थांबविले; तेथे आता केवळ जुना संग्रह पाहता येतो. चालू चर्चेसाठी न्यूजरीडरला एखाद्या युझनेट-सर्व्हरचा पत्ता द्यावा लागतो. ‘टिन’ व ‘एसएलआरएन’ तो ‘एनएनटीपीसर्व्हर’ या नावाच्या चलातून घेतात. शेवटी, टर्मिनलचा व न्यूजरीडरचा, दोहोंचाही अक्षरसंकेत युटीएफ-८ ठेवावा. एकाचाच बदलल्यास मराठी पत्राच्या जागी प्रश्नचिन्हे अथवा निरर्थक चिन्हे दिसतात.